गरोदर नसताना गरोदरपणाच्या गोळ्या: नागपुरात राहून घेण्याआधी काय तपासायचं

दिवस गेलेले नसताना गरोदरपणाच्या गोळ्या घेणाऱ्या बायका नागपुरात कमी नाहीत. बऱ्याच औषधांच्या दुकानांत चिठ्ठीशिवाय मागितल्या तरी मिळून जातात, आणि मागण्याची कारणंही ठरलेली असतात. "केस झडून राहिले." "जिना चढताना दम लागून राहिला, रक्त कमी असन." "वहिनीच्या उरल्या होत्या, फेकायच्या काऊन?" या तिघींच्या अडचणी वेगळ्या आहेत, पण हातात पडते ती गोळी एकच.

ही गोळी विष नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. निरोगी बाईने महिनाभर घेतली तर बहुधा बद्धकोष्ठ, काळी शी आणि हलका झालेला खिसा यापलीकडे काही होणार नाही. पण विदर्भात राहणाऱ्या माणसाने लोह आणि फॉलिक ॲसिड अंदाजाने सुरू करू नये, याला दोन ठोस कारणं आहेत: रक्तातले आनुवंशिक दोष आणि बी१२ची कमतरता. त्यांच्याकडे येण्याआधी गोळीत नेमकं काय असतं ते पाहू.

पाकिटावरचे आकडे

अमेरिकेत गरोदरपणासाठी एकच मोठी गोळी असते, तिच्यात दहा-पंधरा जीवनसत्त्वं कोंबलेली असतात. आपल्याकडे सहसा वेगवेगळी पाकिटं मिळतात. एक लोह आणि फॉलिक ॲसिडचं, दुसरं कॅल्शियम आणि डी३चं, आणि खासगी दवाखान्यात बऱ्याचदा तिसरं डीएचए (ओमेगा-३ प्रकारची चरबी) किंवा मल्टिव्हिटॅमिनच्या कॅप्सूलचं. त्यामुळे "गरोदरपणाची गोळी घेते" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच, की यातलं कोणतं पाकीट?

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. २०१८ पासूनच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' योजनेत गरोदर बाईला ती चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस देतात. त्याच योजनेत २० ते ४९ वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांनाही हीच लाल गोळी आहे, पण आठवड्यातून एकदा. शाळा-कॉलेजातल्या १० ते १९ वयाच्या मुलामुलींना निळी, तीही आठवड्यातून एकच. म्हणजे गरोदर नसताना ही गोळी घेणं मुळात चूक नाही. चूक असते ती रोज घेण्यात, कारण मग आठवड्याचा डोस सातपट होतो.

खासगी पाकिटांवरचा आकडा वाचताना बरेच जण फसतात. 'फेरस फ्युमरेट ३०० मि.ग्रॅ.' लिहिलं असेल तर ते क्षाराचं वजन झालं. फ्युमरेटमध्ये साधारण ३३ टक्के लोह असतं, म्हणजे प्रत्यक्ष लोह १०० मि.ग्रॅ.च्या आसपास. ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. फेरस ॲस्कॉर्बेटच्या पाकिटावर मात्र बहुतेक वेळा थेट 'एलिमेंटल आयर्न १०० मि.ग्रॅ.' असं छापलेलं असतं, तिथे पुन्हा टक्केवारी काढायची नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशींनुसार पाळी येणाऱ्या बाईची रोजची लोहाची गरज २९ मि.ग्रॅ. आणि पुरुषाची १९ मि.ग्रॅ. आहे, आणि वरची सुरक्षित मर्यादा ४५. म्हणजे १०० मि.ग्रॅ.ची गोळी टॉनिक म्हणून घ्यायची नसतेच, तो कमतरतेवरच्या उपचाराचा डोस आहे.

फॉलिक ॲसिडचा गोंधळ याहून मोठा. दिवस राहण्याआधी आणि पहिल्या तीन महिन्यांत साध्या बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. दुकानात "फॉलिक ॲसिड द्या" म्हटलं की मात्र बहुतेकदा ५ मि.ग्रॅ.ची गोळी हातात पडते, म्हणजे साडेबारा पट. कृत्रिम फॉलिक ॲसिडची प्रौढांसाठीची वरची मर्यादा दिवसाला १००० मायक्रोग्रॅम आहे. ५ मि.ग्रॅ.ची गोळी काही ठरावीक बायकांसाठीच असते, त्या कोण ते पुढे सांगितलं आहे.

आणि कुणी अमेरिकेहून बाटली आणून दिली असेल तर तिच्यावर 'एमसीजी डीएफई' असं एकक दिसेल. ६८० डीएफई म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चघळायच्या गमी असतील तर बहुतेकींमध्ये लोह नसतंच, त्यामुळे रक्तवाढीसाठी त्या खाणं निरर्थक.

केसांचं काय?

ही समजूत कुठून आली ते सांगता येतं. गरोदरपणात केस खरोखर दाट दिसतात. पण ते गोळीमुळे होत नाही. इस्ट्रोजेन वाढल्यामुळे केसांचा वाढीचा टप्पा लांबतो आणि रोजचे गळायचे केस गळत नाहीत. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन उतरलं की दोन ते चार महिन्यांत ते सगळे एकदम गळतात, मग बाईने गोळ्या चालू ठेवलेल्या असोत की नसोत. गोळीने केस येत असते तर या बायकांचे गळले नसते.

गरोदर नसलेल्या बाईचे केस मुठीने जायला लागले तर आधी मागचे तीन महिने आठवायचे. पावसाळ्यात डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला असेल तर केस दिवाळीच्या सुमाराला गळायला लागतात. ताप आला तेव्हा गळत नाहीत, म्हणून संबंध लक्षात येत नाही. लग्नासाठी दोन महिन्यांत दहा किलो उतरवलेल्या मुलींचंही तसंच. हे गळणं साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबतं, आणि त्या काळात जी कोणती गोळी चालू असेल तिला श्रेय मिळतं. गरोदरपणाच्या गोळ्यांची केसांबाबतची ख्याती बरीचशी अशीच झाली आहे.

लोह खरंच कमी असेल, म्हणजे फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) ३० च्या खाली असेल, तर लोह भरून काढल्याने केसांना फायदा होऊ शकतो. फेरिटिन ठीक असताना वरून लोह घातल्याने केस दाट होतात याला आधार नाही. थायरॉइड बिघडलेलं असेल तर लोह आणि बायोटिन (केसांच्या गोळ्यांतलं बी गटातलं जीवनसत्त्व) दोन्ही कामाचे नाहीत, आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पाहावं लागेल.

बायोटिनचं एक प्रकरण तर फारसं कुणी सांगतच नाही. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मि.ग्रॅ. असतं, म्हणजे शेकडो पट. ते जादा बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांत ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसू शकतं, म्हणजे नसलेला हायपरथायरॉइड कागदावर उमटतो. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते, आणि ते जास्त घातक आहे. रक्त द्यायच्या किमान दोन-तीन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

फॉलिक ॲसिड: ज्यांनी घ्यायलाच हवं त्या

गरोदर नसताना या गोळ्यांपैकी एखादी घेण्याचं सर्वांत भक्कम कारण एकच आहे: पुढच्या काही महिन्यांत दिवस राहण्याची शक्यता. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते. ती नीट बंद न होण्याचा जन्मदोष फॉलिक ॲसिडने बराचसा टळतो. पाळी चुकली, पट्टी लावली, डॉक्टरांची वेळ घेतली, तोवर हे काम बहुतेक उरकलेलं असतं. म्हणून फॉलिक ॲसिड किमान एक महिना आधी, शक्यतो तीन महिने आधी सुरू करायचं आणि बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवायचं. डोस ४०० मायक्रोग्रॅम. नुकतं लग्न झालेली आणि काही साधन न वापरणारी प्रत्येक बाई यात मोडते, 'प्लॅनिंग' चालू आहे असं तिला वाटत असो वा नसो.

५ मि.ग्रॅ. कुणाला? आधीच्या बाळात किंवा जोडीदारांपैकी कुणाच्या घरात असा दोष असेल, फिटसाठी व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपिन चालू असेल, मधुमेह असेल, सिकल सेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) असेल, किंवा बीएमआय ३० च्या वर असेल. हा डोस डॉक्टरांनी ठरवायचा. फिटसाठी फेनिटॉइन चालू असलेल्या बाईने स्वतःहून मोठा डोस घेतला तर फेनिटॉइनची रक्तातली पातळी उतरून फिट येऊ शकते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, आधी असा दोष असलेलं बाळ झालेल्या बायकांना रोज ४ मि.ग्रॅ. दिल्यावर दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. मोठ्या डोसचा आधार या गटासाठी आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही.

'मिथाइलफोलेट' नावाच्या महाग गोळ्या हल्ली फार खपतात. 'जनुकात बदल असेल तर साधं फॉलिक ॲसिड लागू पडत नाही' असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. ते खरं नाही. एमटीएचएफआर जनुकात बदल असलेली माणसंही साधं फॉलिक ॲसिड वापरू शकतात, आणि बाळातला हा दोष टळतो हे सिद्ध झालंय ते साध्या फॉलिक ॲसिडनेच. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी चालते, फक्त डोस वाचून घ्या.

जाता जाता: या जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्या राज्यातच सुरू झाली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणी कामगार गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर तिने काम केलं. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट निघाला.

बी१२ झाकलं जातं, ते असं

रोज दूध-दही न घेणारी शाकाहारी माणसं, आणि पीसीओडी किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या बायका, या दोन गटांत बी१२ कमी असणं नवलाचं नाही. बी१२ कमी झालं की रक्तपेशी मोठ्या होतात, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) १०० च्या वर जातो, हिमोग्लोबिन घसरतं. अशा माणसाला फॉलिक ॲसिडचे मोठे डोस दिले तर रक्ताचं चित्र सुधारतं. हिमोग्लोबिन वाढतं, रिपोर्ट बरा दिसतो. नसांची हानी मात्र आतून चालूच राहते: तळपायाला मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा. उशीर झाला तर ती हानी पूर्ण भरून येत नाही.

म्हणून ५ मि.ग्रॅ. फॉलिक ॲसिड महिनोन्महिने घ्यायचं असेल तर आधी बी१२ तपासावं. २०० पिकोग्रॅमच्या खाली ते कमीच समजायचं, २०० ते ३०० मध्ये असेल तर लक्षणं पाहून ठरवावं लागतं. लोह आणि बी१२ दोन्ही एकदम कमी असतील तर एक पेशी लहान करतं आणि दुसरं मोठी, आणि एमसीव्ही सरासरीने 'नॉर्मल' दिसतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांतला फरक) वाढलेला असतो. रिपोर्टच्या त्या ओळीकडे लक्ष द्या, तिच्याखाली कुणी रेघ मारून देत नाही.

विदर्भात लोह सुरू करण्याआधी

सिकल सेल हा आपल्या भागाचा आजार आहे. नागपूर परिसरात तो असल्याची नोंद १९५८ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात अनेक घरांत वाहक (जनुकात दोष असलेले, पण आजार नसलेले) आहेत. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी हाच पाया आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. वाहकाला, म्हणजे 'एएस' रिपोर्ट असलेल्याला, त्यामुळे रक्तक्षय होत नाही. त्याचं हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण दुसरं शोधावं लागेल, आणि लोह कमी असेल तर लोह द्यावंच लागेल. 'एसएस' म्हणजे आजार असलेल्याचं हिमोग्लोबिन कमी असतं ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं. त्यात वारंवार रक्त चढवलं असेल तर प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मि.ग्रॅ. लोह आत जातं, आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. जादा लोह यकृतात आणि हृदयात साठतं. अशा मुलीला 'रक्त कमी आहे' म्हणून घरच्यांनी लाल गोळी रोज देणं म्हणजे उलटा उपचार. तिला फॉलिक ॲसिड बहुधा डॉक्टरांनीच लिहून दिलेलं असतं. लोह मात्र फेरिटिन पाहिल्याशिवाय नाही.

बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचा घोळ वेगळा. सिंधी, पंजाबी, कच्छी समाजांत त्यांचं प्रमाण तुलनेने जास्त आहे, पण इतरांतही असतात. हिमोग्लोबिन ११ च्या आसपास, एमसीव्ही ६५, आणि वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन हलत नाही. अशा वेळी सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टात) तांबड्या पेशींची संख्या पाहा. लोहाच्या कमतरतेत ती घटते, थॅलेसेमियाच्या वाहकात ५० लाखांच्या वर असते. एमसीव्हीला त्या संख्येने भागा, दशलक्षांत धरून. ६५ भागिले ५.४ म्हणजे १२. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाची शंका घ्यायची. खात्री एचपीएलसीने (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीने) होते, त्यात एचबीए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर निघतो. हीच तपासणी सिकल सेलचंही उत्तर देते, आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते. लोह खूप कमी असेल तर एचबीए२ खोटं कमी येऊ शकतं, म्हणून अशा वेळी आधी लोह भरून मग एचपीएलसी करतात. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत याची सोय आहे, धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या खासगी लॅबमध्येही होते. लग्न ठरायच्या आधी केली तर दुप्पट उपयोग.

थोडक्यात चिठ्ठीवर लिहायचं ते एवढं: सीबीसी, फेरिटिन, बी१२, टीएसएच, आणि आधी केलेली नसेल तर एचपीएलसी. ताप, सर्दी, दाताची सूज चालू असताना फेरिटिन करू नका, शरीरात दाह असताना ते वाढतं आणि कमी असलेलं लोह पुरेसं दिसतं. हिमोग्लोबिनची सीमारेषा गरोदर नसलेल्या बाईसाठी १२ आहे आणि पुरुषासाठी १३. गरोदर बाईसाठी ती ११ असते. मागच्या बाळंतपणात "अकरा म्हणजे ठीक" ऐकलेल्या बायका पुढेही अकरावर समाधान मानतात, ते बरोबर नाही.

लोह कमीच निघालं तर

मग गरोदरपणाची गोळी कामाची आहे, पण नीट घेतली तर. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पुढचे साधारण २४ तास आतडं लोह कमी शोषून घेतं. म्हणून दिवसातून दोनदा घेण्यापेक्षा एकदाच घेणं बरं. रक्तक्षय सौम्य असेल तर एक दिवसाआड घेतल्याने प्रत्येक गोळीतलं जास्त लोह लागू पडतं आणि पोटही कमी बिघडतं. डॉक्टरांनी रोज सांगितलं असेल तर रोजच, तो निर्णय हिमोग्लोबिन किती खाली आहे त्यावर असतो.

सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर किंवा मोसमात संत्र्याबरोबर. क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. दूध, ताक, कॅल्शियमची गोळी यांच्यात आणि लोहात किमान दोन तासांचं अंतर. चहाचा तर लोहाशी उभा दावा आहे. आपल्याकडचे तर्री पोहे या दृष्टीने चांगले जमून आले आहेत, हरभऱ्याची तर्री आणि वर पिळलेलं लिंबू. पण प्लेट संपायच्या आत कटिंग समोर येतो आणि त्यातलं टॅनिन लोह बांधून टाकतं. चहा एक तास पुढे ढकला. गोळीसाठीही नियम हाच.

मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण गोळी चालू राहील. बंद केलेल्या गोळीतून शून्य टक्के मिळतं. शी काळपट-हिरवी होणं अपेक्षित आहे. डांबरासारखी चिकट आणि फार दुर्गंधीची झाली तर ते लोहामुळे नाही, आतड्यातला रक्तस्राव असू शकतो, दाखवून या.

महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान एका ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर कारण शोधा. गोळी खरंच घेतली जाते का, ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल रोज चालू आहे का (पोटातलं आम्ल कमी झालं की लोह कमी शोषलं जातं), जंत आहेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाळीत किती जातं. एक मि.लि. रक्तात साधारण अर्धा मि.ग्रॅ. लोह असतं, म्हणजे पाळीत ८० मि.लि. गेलं तर दर महिन्याला ४० मि.ग्रॅ. लोह गेलं. दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर उपचार पाळीवर करावा लागेल, नुसत्या गोळीने भरपाई होत नाही. हिमोग्लोबिन बारावर आल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची, कारण साठा त्यानंतर भरतो. बहुतेक जणी नेमक्या इथेच सोडतात आणि वर्षभरात परत तिथेच येतात.

पुरुषाचं, किंवा पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाअभावी कमी निघालं तर सुनेच्या पाकिटातली गोळी सासूबाईंना देऊन मोकळं होऊ नका. त्या वयात लोह कमी होतं ते बऱ्याचदा कुठून तरी रक्त जात असतं म्हणून: मूळव्याध, अल्सर, कधी आतड्यातली गाठ. गोळीने आकडा सुधारतो आणि निदान लांबतं.

कोणत्या औषधाशी जमत नाही

थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर हवं. सकाळी सहाला थायरॉइडची घेतली तर लोह साडेदहानंतर, कॅल्शियम रात्री जेवणाबरोबर. डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स चालू असतील तर तेवढे दिवस लोह थांबवलेलं सोपं.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या मुलींनी मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर 'व्हिटॅमिन ए' शोधून काढावं आणि असेल तर ते पाकीट बाजूला ठेवावं. हे औषध अ जीवनसत्त्वाचंच भावंड आहे, दोन्ही मिळून विषबाधेसारखी लक्षणं होतात: तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं. मुरुम आणि केसगळती एकाच वयात येतात, त्यामुळे ही जोडी वाटते तितकी दुर्मिळ नाही. आणि हे औषध चालू असताना दिवस राहणं बाळासाठी अत्यंत घातक आहे, म्हणजे 'पुढची तयारी' म्हणून सोबत फॉलिक ॲसिड घेण्याचा प्रश्नच येत नाही. इतरांसाठी अ जीवनसत्त्वाची रेटिनॉल स्वरूपातली मर्यादा दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० आययू.

कॅल्शियमच्या १२५० मि.ग्रॅ. कार्बोनेटमध्ये ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम असतं. दिवसाची गरज १००० मि.ग्रॅ. आहे, आणि दूध-दही-ताक खाणाऱ्याला त्यातलं बरंच जेवणातून मिळतं. मुतखडा होऊन गेलेल्याने ही गोळी विचारूनच घ्यावी, नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडतंच. डी३च्या ६०,००० आययूच्या पुडीबरोबर आणखी दोन पाकिटांतलं डी३ मोजायला विसरू नका.

बाकीच्या शंका लवकर संपतात. या गोळ्यांनी पाळी चुकत नाही, गर्भधारणेची पट्टी खोटी पॉझिटिव्ह येत नाही, आणि वजन वाढत नाही.

ठेवायच्या कुठे

पाकिटावर बहुधा २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. स्कूटीच्या डिक्कीत दुपारभर राहिलेल्या डीएचएच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा होतात. त्यांना खवट मासळीचा वास येत असेल तर टाकून द्या. कूलरच्या वाऱ्यातही ठेवू नका, ओलाव्याने लोहाच्या गोळीवर डाग पडतात आणि वरचं आवरण फुटतं. आतल्या खोलीतलं बंद कपाट सर्वांत बरं, फ्रिजचा वरचा भाग नको, तो गरम असतो. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका.

कपाटाला कुलूप लावायचं कारण मात्र वेगळं आहे. लाल, चकचकीत, गोडसर आवरणाची गोळी लहान मुलाला चॉकलेटसारखी दिसते. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २० मि.ग्रॅ. लोह पोटात गेलं की त्रास सुरू होऊ शकतो, ६० मि.ग्रॅ.च्या वर जीवघेणं ठरू शकतं. १२ किलोच्या मुलासाठी हिशेब करा: चार लाल गोळ्यांत त्रास, बारा गोळ्यांत जिवाला धोका. १०० मि.ग्रॅ.च्या गोळ्या असतील तर सात-आठच. आधी उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. मग काही तास मूल बरं झाल्यासारखं दिसतं, खेळायला लागतं, आणि घरचे निर्धास्त होतात. यकृताला आणि रक्ताभिसरणाला धक्का बसतो तो त्यानंतर. म्हणून गोळ्या खाल्ल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहायची नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, दूध पाजत बसायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा थेट मेडिकल, मेयो नाहीतर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, आणि रिकामं पाकीट बरोबर घ्या. किती गोळ्या शिल्लक आहेत ते मोजून सांगितलं तर डॉक्टरांना डोस काढता येतो.